भांग उशिरा का चढते, आणि मावशीच्या तेलात नक्की काय होतं?

(ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता आणि मी तो सहा महिने टाळत होतो. गांजा म्हटलं की दोनच पार्ट्या पडतात. एक म्हणते, झाडपाला आहे, शंकराचा प्रसाद आहे, काही होत नाही. दुसरी म्हणते, एकदा हात लावला की आयुष्य संपलं. मधलं बोलणाऱ्याला दोघंही शिव्या घालतात.

पण गेल्या महिन्यात घरातच प्रसंग आला. माझ्या मावशीची केमो चालू आहे. पहिल्या दोन सायकलनंतर तिला इतकी मळमळ व्हायची की चहाचा वास आला तरी उठून बाथरूमकडे पळायची. माझ्या मावसभावाने, दादाने, ऑनलाइन एक तेल मागवलं. बाटलीवर 'विजया' लिहिलेलं, म्हणजे आयुर्वेदातलं भांगेचं नाव. सोबत व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज, की हे घेतलं की उलटी थांबते आणि कॅन्सरही जातो. दादाचा मला फोन, "अरे, तू इंजिनिअर ना, जरा वाचून सांग की द्यायचं का." मी बॅकएंड लिहितो, डॉक्टर नाही. पण नाही म्हणता येईना. म्हणून दोन आठवडे रात्री बसून वाचलं.

मावशीकडे परत येतोच. त्याआधी हॉस्टेलवरचा एक किस्सा, कारण सगळं सायन्स त्याच्यातच आहे.

थर्ड इयरला धुळवडीच्या दिवशी कुणीतरी भांगेची ठंडाई आणली होती. आमच्या एका रूममेटने, त्याला आपण बंड्या म्हणू, अकरा वाजता एक ग्लास घेतला. पाऊण तास काहीच नाही. "फसवलं रे त्यांनी, नुसतं बदामाचं दूध आहे," असं म्हणून पावणेबाराला दुसरा ग्लास. एक वाजता तो हसत होता. दीड वाजता हसणं बंद. दोन वाजता त्याने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "माझा श्वास चालू आहे ना? मला कळत नाहीये." दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न, आणि त्याला वाटायचं मध्ये एक तास गेला. संध्याकाळी सातपर्यंत हे चाललं. लिंबूपाणी, ताक, डोक्यावर पाणी, सगळं झालं, कशाचाही उपयोग नाही. वॉर्डनला सांगायचं की नाही यावर आम्ही भांडत होतो. आता मागे वळून पाहिलं की त्या भांडणाची लाज वाटते.

तर बंड्याला झालं काय?

या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड्स असतात, पण नशा आणणारा मुख्य रेणू एकच. डेल्टा-९-टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. आपण टीएचसी म्हणू. २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. गंमत म्हणजे ज्या सीबीडीची एवढी जाहिरात होते, त्यातही अगदी हेच अणू आहेत, तेवढेच. फरक फक्त जोडणीचा. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन वळून कार्बनला जोडला गेलाय आणि एक जास्तीचं कडं तयार झालंय. सीबीडीत ते कडं उघडं आहे. तेवढ्याने रेणूचा आकार बदलतो, आणि एक चढतो, दुसरा चढत नाही.

आणि कच्च्या पानात टीएचसी जवळजवळ नसतंच! तिथे असतं त्याचं ॲसिड, टीएचसीए. त्याला कार्बन डायऑक्साइडची एक शेपटी लटकलेली असते. उष्णता दिली की शेपटी गळते आणि टीएचसी उरतं. ओढताना हे काम विस्तव एका सेकंदात करतो. भांग दुधात, तुपात शिजवतात तेव्हा ते हळूहळू होतं. किती वेळ, किती आच, यावर किती बदललं ते ठरतं. तुपाचंही कारण आहे. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. आपल्या आज्या-पणज्यांना हे फॉर्म्युल्याशिवाय माहीत होतं.

पण बंड्याच्या ग्लासात किती मिलिग्रॅम होतं, हे करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत परत येणार आहे.

आता उशीर का. धुरातून घेतलं की टीएचसी फुप्फुसातून थेट रक्तात, तिथून मेंदूत. काही मिनिटांत कळतं. खाल्लं तर आधी पोट, मग आतडं, मग यकृत. बरंचसं तिथेच मोडलं जातं. खाल्लेल्यापैकी साधारण १० टक्के किंवा त्याहून कमीच रक्तात पोचतं. त्याला एक ते तीन तास लागतात, तुपातुपाचं जेवण असेल तर अजून उशीर. शिवाय यकृत टीएचसीचं रूपांतर ११-हायड्रॉक्सी-टीएचसीमध्ये करतं, आणि तोही नशा आणणाराच रेणू आहे. म्हणून खाल्लेली नशा ओढलेल्या नशेपेक्षा वेगळी, जड आणि लांबलचक असते. बंड्याने दुसरा ग्लास घेतला तेव्हा पहिला अजून रस्त्यातच होता. आपण पेज लोड होत नाही म्हणून 'पे' बटण दोनदा दाबतो, तसं. पैसे दोनदा कटतात.

लिंबूपाण्याने उतरत का नाही, तेही यातच आलं. ते पोटात नाहीच मुळी, मेंदूत आहे.

मेंदूत काय करतं हे कळायला शास्त्रज्ञांना फार वेळ लागला. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं काढलं होतं. कोकापानातून कोकेन १८६० मध्ये. गांजातला रेणू मात्र १९६४ पर्यंत शुद्ध मिळाला नव्हता. कारण रसायनशास्त्राचं आहे. मॉर्फिन आणि कोकेनमध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे आम्लाशी जुळवून त्यांचे मिठासारखे स्फटिक करता येतात. टीएचसीत नायट्रोजन नाही. ते चिकट तेल आहे, आणि तसल्याच डझनभर चिकट तेलांत मिसळलेलं. वेगळं काढायला क्रोमॅटोग्राफी हवी, रचना ओळखायला एनएमआर हवं.

हे काम केलं इस्रायलमध्ये, रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये, राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी. मेशुलामनी पोलिसांकडून जप्त केलेलं पाच किलो हशीश मागून घेतलं आणि चक्क बसमधून लॅबमध्ये आणलं. आजूबाजूचे प्रवासी विचारत होते, हा वास कसला. नंतर कळलं की आरोग्य खात्याची परवानगी लागते, म्हणजे देणारे पोलीस आणि घेणारा प्राध्यापक, दोघांनीही कायदा मोडला होता. (इथे मी रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ हसलोय, ते कापलंय.) पुढे त्यांच्या पत्नीने केक केला. पाच मित्रांना प्रत्येकी १० मिलिग्रॅम शुद्ध टीएचसी घालून, पाच जणांना साधा. ज्यांनी टीएचसी खाल्लं त्यातला कुणी नुसता बडबडत राहिला, कुणी खिदळत राहिला, एकाला जबरदस्त भीती वाटली. रेणू तोच, डोस तोच, माणसं वेगळी.

मग प्रश्न आला, की झाडातला रेणू आपल्या मेंदूत बसतो तरी कुठे? १९८८ मध्ये ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी मेंदूत त्याची जागा असल्याचं दाखवलं. त्या रिसेप्टरचं नाव सीबी-१. आता शरीर झाडासाठी कुलूप करून ठेवणार नाही. आपली स्वतःची चावी असणारच. ती १९९२ मध्ये मेशुलामच्या जेरुसलेमच्या लॅबमध्ये सापडली. नाव ठेवलं आनंदामाइड. हो, आपला आनंदच. संस्कृत शब्द अधिक अमाइड.

नाव गोड आहे, पण माझ्या मते थोडं फसवं आहे. हा रेणू आनंद वाटत फिरत नाही. त्याचं काम बॅकएंडवाल्यांना लगेच कळेल: बॅकप्रेशर. एक सर्व्हिस दुसरीला धडाधड मेसेज पाठवतेय, घेणारीची रांग भरत चाललीय, तर घेणारी उलटा निरोप पाठवते, "जरा दमाने." मेंदूत नेमकं तेच होतं. बाकीचे बहुतेक निरोप पुढे जातात, हा मागे जातो. घेणारी चेतापेशी गरजेपुरतं आनंदामाइड किंवा त्याचा भाऊ २-एजी तिथल्या तिथे बनवते, ते पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-१ वर बसतं, आणि पाठवणारी वेग कमी करते. काम झालं की एन्झाइम ते लगेच मोडून टाकतं. नेमक्या जागी, नेमक्या वेळी, काही क्षणांपुरता ब्रेक.

टीएचसी तोच ब्रेक दाबतं. पण एकाच वेळी सगळीकडे, आणि तासन्‌तास. हिप्पोकॅम्पसमध्ये दाबला की आत्ता काय बोललो ते आठवत नाही, म्हणून बंड्याचा तोच प्रश्न परत परत. लघुमेंदू आणि बेसल गँग्लियामध्ये दाबला की तोल जातो, वेळेचं भान सुटतं. अशा अवस्थेत गाडी चालवणं किती धोक्याचं ते वेगळं सांगायला नको. हायपोथॅलॅमसमध्ये दाबला की भूक लागते. भीतीच्या केंद्रात थोडा दाबला तर शांत वाटतं, जास्त दाबला तर उलटं. शिकागोमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना टीएचसी देऊन परीक्षकांपुढे भाषण करायला लावलं. साडेसात मिलिग्रॅमवाल्यांचा ताण कमी झाला. साडेबारावाल्यांचा वाढला. फरक पाच मिलिग्रॅमचा! आपल्याकडे ठंडाई पळीने ढवळून ग्लासात ओततात.

श्वास चालवणाऱ्या केंद्रात मात्र सीबी-१ फार कमी आहेत. अफूजन्य पदार्थ जसे श्वास थांबवून मारतात, तसं टीएचसी सहसा करत नाही. बंड्याचा श्वास चालूच होता. अजून एक गोष्ट, टीएचसी हा ब्रेक पूर्ण दाबत नाही, अर्धवटच दाबतो. 'स्पाइस' नावाने विकतात ती कृत्रिम कॅनाबिनॉइड्स पूर्ण दाबतात, आणि त्यांनी माणसं मेली आहेत. 'गांजासारखंच असतं' म्हणून कुणी दिलं तर ते गांजासारखं नाही.

पण मरत नाही म्हणजे काही होत नाही, असं नाही. इथे पहिल्या पार्टीला नाराज करतो. रोज घेणाऱ्यांना सवय लागते, आणि सोडताना झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. किशोरवयात सुरू करणाऱ्यांमध्ये व्यसनाचं प्रमाण साधारण सहापैकी एक सांगतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींना न थांबणाऱ्या उलट्यांचा आजार होतो आणि बरं वाटावं म्हणून ते तासन्‌तास गरम पाण्याखाली बसतात. उलटी थांबवणारं औषध उलटीच लावतं. युरोप आणि ब्राझील मिळून अकरा ठिकाणांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिस होण्याची शक्यता, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ पाचपट दिसली. याचा अर्थ प्रत्येकाला होईल असा नाही. आणि ज्याला मुळातच तो धोका आहे तो गांजाकडे जास्त वळतो का, हा वादही आहे. पण घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर मी तरी हा जुगार खेळणार नाही. शिवाय आजचा माल आजोबांच्या वेळचा नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ ला सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्के झालं.

ऑफिसच्या ड्रग टेस्टबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून दोन वाक्यांत. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर येतं, लघवीत सापडतं ते त्याचं निष्क्रिय झालेलं रूप. नशा संध्याकाळी उतरते, टेस्ट मात्र काही दिवस, रोज घेणाऱ्याची काही आठवडेसुद्धा, पॉझिटिव्ह येऊ शकते.

आता दुसऱ्या पार्टीला नाराज करू. हे औषध आहे का? आहे. आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी नावाचा डॉक्टर होता. त्याने इथले वैद्य-हकीम काय वापरतात ते पाहून आधी प्राण्यांवर, मग संधिवात, धनुर्वात, कॉलरा अशा रुग्णांवर प्रयोग केले आणि १८३९ मध्ये ते प्रसिद्ध केले. हाच माणूस पुढे भारतात तारायंत्राचं जाळं उभं करत होता, म्हणजे आमच्या फील्डमधलाच म्हणा ना. त्याच्यामुळे गांजाचा अर्क युरोपातल्या औषधांच्या दुकानांत गेला. आणि मग विसाव्या शतकात हळूहळू बाद झाला. कायदे आले हे एक कारण, पण आधीपासूनचं दुसरं होतं. एका बाटलीने काहीच व्हायचं नाही आणि दुसऱ्या बाटलीने रुग्ण गरगरायचा. आत काय आहे हेच माहीत नसल्यावर मोजणार काय?

रेणू हातात आल्यावर मोजता आलं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ड्रोनाबिनॉलला मान्यता दिली. हे म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसीच, कॅप्सूलमध्ये, केमोच्या अशा उलट्यांसाठी ज्या इतर औषधांनी थांबत नाहीत. १९९२ मध्ये एड्सच्या रुग्णांची भूक वाढवण्यासाठीही. आपला एनडीपीएस कायदाही १९८५ चाच, हा निव्वळ योगायोग. तो कायदा रेणूकडे बघत नाही, झाडाच्या भागाकडे बघतो. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, दोन्ही गुन्हा. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या हातात राहिली, आणि महाराष्ट्रात तीही परवान्याशिवाय चालत नाही.

ब्रिटनमध्ये २०१० पासून मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या आखडण्यावर तोंडात मारायचा स्प्रे मिळतो. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी. दशांशापर्यंत! जुन्या दुखण्यावर थोडा उपयोग होतो. लहान मुलांच्या काही अवघड फिट्सवर २०१८ मध्ये जे औषध आलं ते सीबीडीचं, टीएचसीचं नाही. लोक हे दोन सर्रास एक करतात.

आणि कॅन्सर बरा होतो? प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत टीएचसीने कॅन्सरच्या पेशी मेल्याचे प्रयोग आहेत. बशीत पेशी फिनाइलनेही मरतात. माणसांत कॅन्सर बरा झाल्याचं कुठल्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. दादाला हे सांगताना मला वाईट वाटलं, कारण त्याने तो मेसेज मूर्खपणाने नाही, घाबरून फॉरवर्ड केला होता.

मळमळीचं मात्र खरं आहे. उलटीचं केंद्र मेंदूच्या तळाशी आहे आणि तिथे सीबी-१ आहेत. ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली, २०२० मध्ये आली. नेहमीची औषधं घेऊनही ज्यांना त्रास होत होता, त्यांना त्याच औषधांच्या जोडीला टीएचसी आणि सीबीडीची, प्रत्येकी अडीच मिलिग्रॅमची, कॅप्सूल दिली. उलटी अजिबात न झालेले आणि जास्तीचं औषध न लागलेले रुग्ण खोट्या कॅप्सूलवर १४ टक्के होते, खऱ्यावर २५ टक्के. उपयोग आहे, चमत्कार नाही. आणि जवळजवळ तिघांतल्या एकाला गुंगी, चक्कर, भांबावल्यासारखं होणं, असा मध्यम किंवा जास्त त्रास झाला.

मी दादाला म्हटलं, बाटली घेऊन मावशीच्या डॉक्टरांकडेच जाऊ. लपवून काही देऊ नको, कारण ज्या यकृतात हे मोडतं तिथेच बाकीची औषधंही मोडतात. डॉक्टर रागावतील असं त्याला वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. बाटली हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "यात टीएचसी किती आहे?" लेबलवर पानाचा अर्क इतके मिलिग्रॅम असं होतं. टीएचसी किती, कुठेच नाही. दादा माझ्याकडे बघतोय, मी बाटलीकडे.

मग त्यांनी मावशीला विचारलं की उलटीच्या गोळ्या नेमक्या कधी घेता. कळलं की मावशी मळमळ सुरू झाल्यावर घ्यायची, "उगीच कशाला आधीच" म्हणून. त्यांनी वेळा लिहून दिल्या आणि रात्रीची एक लहान गोळी वाढवली, ओलान्झापिन, अडीच मिलिग्रॅम. घरी येऊन मी शोधलं तर मुंबईच्याच टाटा मेमोरियलची २०२४ मधली चाचणी सापडली. तिथे अडीच मिलिग्रॅम हे नेहमीच्या दहाइतकंच काम करतं आणि झोप कमी आणतं, असं दिसलं होतं.

तिसऱ्या सायकलनंतर चौथ्या दिवशी मावशीने वरणभात खाल्ला. वर तूप मागितलं. एकदा उलटी झाली, नाही असं नाही.

बंड्या आता बंगळुरूला असतो. हा भाग टाकायच्या आधी त्याला ऐकवला. म्हणाला, एक गोष्ट सांगायची राहिली: अशा वेळी कुणी घाबरलं तर त्याला एकटं सोडू नका, आणि छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर सरळ दवाखान्यात न्या आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. वॉर्डनचं नंतर बघता येतं.

तेलाची बाटली अजून दादाच्या कपाटात आहे, सील न फोडलेली. साडेतीन हजाराची आहे, त्यामुळे टाकवत नाहीये त्याला.